अपेक्षित : साडेनऊ

एडिथ मॉसपच्या स्वयंपाकघरात
मी सतरावा फॉर्म उघडला तेव्हा
खिडकीत मेंढ्या होत्या, मेंढ्यांमागे समुद्र,
आणि दोन्हींच्या मध्ये ती धुराडी.

आग लागली तेव्हा कुठे राहत होता?
इथेच.
दूध कुठून यायचं?
तिने नुसतं गोठ्याकडे बोट केलं.

मग जे सांगितलं ते फॉर्मात बसेना.
ऑक्टोबर होता, बटाटे काढून झाले होते.
सायकलवरून एक कारकून आला,
म्हणाला, दूध ओतून टाका.
किती दिवस? ते कळवू.
नवऱ्याने कॅन उपडे केले ओढ्यात,
ओढा पुलापर्यंत पांढरा झाला
आणि गावातली मांजरं काठाकाठाने धावत गेली.
'पण तो आला तिसऱ्या दिवशी,' ती म्हणाली,
'आधीच्या दोन दिवसांचं दूध आम्ही प्यायलो.
त्याला चौकट आहे का तुमच्याकडे?'

नव्हती. समासात लिहून घेतलं.

नवरा मेंढ्या जुन्या बोलीत मोजायचा.
यान, टायान, टेथेरा, मेथेरा, पिम्प,
असं विसापर्यंत; विसाला जिगिट,
की एक खडा डाव्या खिशातून उजव्यात.
खडे अजून आहेत, मोहरीच्या डब्यात.
तो गेल्यावर ती त्याच बोलीत गाव मोजू लागली.
फिअरनांची हिल्डा, गळ्यात गाठ.
तिचा भाऊ विल्फ्रेड, रक्त.
पुलापलीकडचा आर्नल्ड, नऊ वर्षांचा,
नुसतं रांगेत उभं राहिलं तरी
ज्याचे गुडघे निळे पडायचे.
पोस्टमास्तर, फुप्फुस.
'पण तो दिवसाला चाळीस ओढायचा,
त्याला धरू नका.' हे तिनेच सांगितलं.
पंधरावर थांबली होती. बम्फिट.
खडा हलवायला अजून पाच बाकी.

तिचा धाकटा तिथेच कामाला.
त्याच्या पगारातून ही चूल, नळाला हे गरम पाणी,
माझ्या हातातला कपसुद्धा.
हे ती बोलली नाही. मी पाहिलं.

ऑफिसात यंत्राने पानं छापली.
निरीक्षित : चौदा. अपेक्षित : साडेनऊ.
फरक योगायोगाच्या आवाक्यातला.
गाव लहान, शितं मोजकी,
आणि शितावरून भाताची परीक्षा
आमच्या शास्त्राला मंजूर नाही.
पर्थला गेलेली तीन कुटुंबं
छेदातून कधी गळली, कुणाला कळलंही नाही.
त्यांना तिकडे काय झालं असेल ते
तिकडच्या अंशात.

एप्रिलमध्ये अहवाल घेऊन पुन्हा गेले.
तिने चष्मा लावला, बोट ओळीखाली ठेवलं.
'अपेक्षित म्हणजे?'
म्हणजे काहीही घडलं नसतं
तरी एवढे गेलेच असते.
'अर्धा कोण?'
ती सरासरी असते, मी म्हणाले,
आणि माझंच बोलणं मला
त्या कारकुनासारखं ऐकू आलं.

ती बराच वेळ ओठ हलवत राहिली.
'म्हणजे नऊ-दहा जण आपल्या मरणाने गेले.
उरलेल्या चार-पाचांचं माहीत नाही.'
हो.
'कोणते चार-पाच?'
ते कधीच कळणार नाही, मिसेस मॉसप.
'हिल्डाच्या आईला काय सांगू?'

मी कागद गोळा करत होते.
कागद गोळा करायला किती वेळ लावता येतो!

'पोस्टमास्तरला परत धरा,' ती अचानक म्हणाली.
'ओढायचा खरा,
पण दूध तर आमचंच प्यायचा.'

बाहेर धाकटा पाळी संपवून आला होता.
कुंपणाशी उभा राहून कोकरं मोजत होता,
साध्या शाळेतल्या आकड्यांत.
एकोणिसाला चुकला.
पुन्हा पहिल्यापासून.